लेकुरवाळ्या घरातले विणकाम

खान्देशातील थंडी मोजून अडीच-तीन महिन्यांची असते. दिवाळीनंतर पहाटेचा गारठा जाणवू लागतो, मार्गशीर्ष-पौषात एखाद्या रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो, रावेर-यावल पट्ट्यातील शेतकरी केळीला चरका बसू नये म्हणून बागेला रात्रीचे पाणी देतात आणि बांधावर धूर करतात. मग महाशिवरात्र येते आणि थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. मे महिन्यात तोच पारा ४५ अंशांवर पोहोचलेला असतो. म्हणून आपल्याकडे मुलासाठी विणायला घेतलेला स्वेटर वेळेवर हातावेगळा झाला तरच त्याचा उपयोग होतो. बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या वर्षात १२ सेंटिमीटरच्या आसपास उंच होते, त्यामुळे एका हिवाळ्यात अपुरा राहिलेला स्वेटर पुढच्या हिवाळ्यात पूर्ण झाला तरी अंगात जात नाही.

माझ्या मुलीच्या पहिल्या स्वेटरचे असेच झाले. मी तिच्यासाठी पाने आणि जाळी असलेला, प्रत्येक ओळ वेगळी असणारा नमुना निवडला होता आणि रोज तासभर विणायचे, असे मनाशी ठरवले होते. तो तास मला कधी मिळालाच नाही. दहा मिनिटे मिळत, कधी पंधरा. पण ओळ मध्येच सोडली की पुन्हा हाती घेताना आपण नमुन्यात कुठे होतो हे शोधण्यातच निम्मा वेळ जाई. पुढच्या कार्तिकात स्वेटर शिवून झाला, तेव्हा त्याच्या बाह्या तिच्या कोपराखाली जेमतेम येत होत्या. आज माझी मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दोन वर्षांचा आहे. मधल्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली आहे: लहान मुलांच्या घरात विणकाम तडीस न्यायचे असेल, तर आपल्याला वेळ किती मिळेल याचा विचार नंतर करावा, आणि हातातले काम हाक येताच खाली ठेवता येते का व नंतर विचार न करता उचलता येते का, हे आधी पाहावे. पुढचे सर्व सांगणे याच एका कसोटीवर उभे आहे.

बोलते काम आणि अबोल काम

माझी आई विणकामाचे दोन प्रकार मानत असे. ज्या कामात सुया चालू असताना गप्पा मारता येतात ते बोलते काम, आणि ज्यात टाके मोजावे लागतात म्हणून तोंड मिटून बसावे लागते ते अबोल काम. मुले लहान असताना घरात एका वेळी दोनच कामे सुरू असावीत, त्यातले एक बोलते आणि एक अबोल. आणि दोन्ही वेगळ्या पिशव्यांत असावीत. तिसरे काम सुरू करण्याचा मोह दुकानातील नवा रंग पाहून होतोच, पण तीन पिशव्या झाल्या की तिन्ही अपुऱ्या राहतात, हा माझा अनुभव आहे.

बोलत्या कामासाठी सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीसारखी दुसरी वीण नाही. तिच्या कडा वळत नाहीत, दोन ओळी मिळून एक उंच रेघ तयार होते, त्यामुळे रेघा मोजून दुप्पट केल्या की ओळींचा आकडा मिळतो आणि कुठेही नोंद ठेवावी लागत नाही. चुकलेला टाकाही लगेच डोळ्यांत भरतो. मफलर, बाळाचे छोटे पांघरूण, बिनबाह्यांचे जाकीट हे सारे या एका विणीत होते. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट, अशी साधी वीणही बोलत्या कामातच मोडते, मात्र तिच्या कडा गुंडाळतात म्हणून खालच्या काठाला १ सुलट, १ उलट अशी चार-पाच सेंटिमीटरची पट्टी हवी.

स्वेटरच विणायचा असेल, तर पाठ, पुढा आणि बाह्या वेगळ्या विणून शिवण्यापेक्षा गळ्यापासून खाली विणत येणारा बिनशिवणीचा स्वेटर निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो गोल सुईवर, म्हणजे मध्ये लवचीक दोर असलेल्या सुईवर विणला जातो. काम थांबवताना टाके दोरावर सरकवून ठेवता येतात, आखूड टोके मुलाच्या हाताला सहज लागत नाहीत आणि लांब सुईसारखी बाहेर डोकावत नसल्यामुळे शेजारी बसलेल्या मुलाला टोचण्याची भीतीही कमी असते. त्याहून मोठा लाभ पुढच्या वर्षी कळतो. काठ खाली संपत असल्याने तो उसवून टाके पुन्हा सुईवर घेता येतात आणि अंगात व बाह्यांत पाच-पाच सेंटिमीटर वाढ करून तोच स्वेटर आणखी एक हिवाळा चालवता येतो.

अबोल काम छोटे ठेवावे: टोपड्याची जाळी, पायमोज्याची टाच, स्वेटरच्या गळ्याची घट. ही कामे मुले झोपल्यावरच हाती घ्यावीत. काळी, गडद निळी किंवा गडद तपकिरी लोकर रात्रीसाठी घेऊ नये, कारण विजेच्या दिव्याखाली तिचे टाके दिसत नाहीत आणि डोळ्यांना फार ताण पडतो.

आधी हिशेब करावा

आपण साधारण टाके मोजतो, पण वेळ मोजत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या साध्या स्वेटरचा हिशेब येथे मांडून दाखवते, म्हणजे आपापल्या कामाला तो लावता येईल.

मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर जाडीच्या, घेतल्या तर माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. (सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिक्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावे, १० नंबरची सुई ८ नंबरपेक्षा बारीक असते.) स्वेटरचा घेर ६० सेंटिमीटर धरला, तर पाठीच्या ३० सेंटिमीटरसाठी ६६ टाके लागतात. उंची ३४ सेंटिमीटर म्हणजे १०२ ओळी. पाठीचे टाके झाले ६,७३२, पुढ्याचेही तेवढेच. बाहीत सरासरी ४४ टाके आणि ७२ ओळी धरल्या, तर दोन बाह्यांचे ६,३३६ टाके होतात. एकूण बेरीज १९,८०० होते. मी निवांत बसले तर मिनिटाला २० टाके विणते, म्हणजे हा स्वेटर ९९० मिनिटांचा, साडेसोळा तासांचा आहे. रोज अर्धा तास मिळाला तर ३३ बैठका झाल्या. परंतु लहान मुलांच्या घरात आठवड्याचे सातही दिवस बैठक जमत नाही. कुणाला ताप येतो, कुणी पाहुणे येतात, कधी आपणच थकून झोपी जातो. आठवड्यातून चार दिवस धरले तर आठ-साडेआठ आठवडे लागतात, आणि गळा, शिवण, बटणे व उसवलेल्या ओळी यांचे दोन आठवडे वेगळे धरावेत.

दहा-अकरा आठवड्यांचा हा हिशेब दिवाळीपासून मागे मोजला की आपण श्रावणात येऊन पोहोचतो. म्हणून माझ्या घरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी तिचे विसर्जन होते, तिच्या नैवेद्याच्या रोटांची गडबड संपते, आणि त्याच आठवड्यात स्वेटरचे टाके सुईवर पडतात. पाऊस चालू असताना लोकर हातात घेणे काहींना विचित्र वाटेल, पण थंडी पडल्यावर सुरू केलेला स्वेटर थंडीत घालायला मिळत नाही. माप घेताना आजचे न घेता पौषातले घ्यावे, म्हणजे छातीच्या मापात पाच-सात सेंटिमीटर सैलपणा धरावा आणि बाहीची लांबी दोन-तीन सेंटिमीटर अधिक ठेवून काठ दुमडावा. या मापाला साधारण २०० ग्रॅम लोकर पुरते. ५० ग्रॅम अधिक घ्यावी आणि सगळ्या वेष्टनांवरचा लॉट क्रमांक एकच असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी, कारण नंतर आणलेल्या लोकरीची छटा बहुधा जुळत नाही.

ओळ मध्येच सोडताना

ओळ पूर्ण करूनच उठावे हा नियम पुस्तकात शोभतो. न्हाणीघरातून मुलाच्या पडल्याचा आवाज आला, की ओळ जिथे असेल तिथेच सोडावी लागते. त्यासाठी तीन सवयी हाताला लावून घ्याव्यात. पहिली, उठताना टाके सुयांच्या टोकांपासून मागे सरकवावेत आणि दोन्ही टोकांवर खोडरबराचा एकेक तुकडा टोचून ठेवावा. यामुळे टाके गळत नाहीत आणि टोकही झाकले जाते. ही क्रिया दहा सेकंदांत होते, आणि तेवढाही वेळ नसेल तर दोन्ही सुया एकत्र धरून त्यांना रबरबँडचा वेढा द्यावा. दुसरी, खाली ठेवलेले काम नेहमी पिशवीत, आणि पिशवी भिंतीतल्या उंच खुंटीला. सोफ्यावर किंवा पलंगावर क्षणभरही नाही. तिसरी, परत घेताना दिशा ओळखावी: गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईच्या शेवटच्या टाक्यातून निघालेला दिसतो ती सुई उजव्या हातात धरावी. घाईत ही सुई डाव्या हातात गेली तर आपण उलट दिशेने विणू लागतो आणि मधोमध एक भोक पडते, ज्याचे कारण चार ओळी पुढे जाईपर्यंत कळत नाही.

नमुना असलेल्या कामात दर दहा ओळींनी एक आधारदोरा घालावा. म्हणजे जाड डोळ्याच्या बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढून तसाच सोडावा. पुढे काही बिघडले आणि उसवावे लागले, तर वीण त्या दोऱ्यापर्यंत येऊन थांबते आणि टाके दोऱ्यावर शाबूत मिळतात. मी पाने-जाळीच्या त्या स्वेटरला हा दोरा घातला असता, तर माझे किमान तीन आठवडे वाचले असते.

आणि तरीही एक दिवस मूल सुई ओढतेच. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मी दाराशी आलेल्या भाजीवाल्याकडे दोन मिनिटांसाठी गेले आणि परत आले तेव्हा त्याच्या एका हातात सुई होती, दुसऱ्या हातात गुंडा होता, आणि ५८ मोकळे टाके चटईवर उघडे पडले होते. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे मुलाच्या हातातली सुई शांतपणे काढून घ्यावी. ओरडले तर ते सुई घेऊन पळते, आणि सुई घेऊन पळणारे मूल ही उसवलेल्या विणीपेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे. मग विणलेला भाग उचलू नये, ताणू नये. तो सपाट पाटावर किंवा उशीवर अलगद पसरावा. ८ नंबरच्या सुयांवर काम असेल तर १० किंवा १२ नंबरची बारीक सुई घ्यावी आणि टाक्यांच्या मागून एकेक टाका तिच्यावर ओवत जावे. टाका सरळ बसला की पीळ पडला याची चिंता त्या क्षणी करू नये, सर्व टाके सुईवर येणे महत्त्वाचे; पुढची ओळ विणताना पीळ पडलेला टाका फिरवून घेता येतो. एखादा टाका चार-पाच ओळी खाली घसरला असेल, तर सुलट बाजूने क्रोशाची सुई त्याच्या फाशात घालावी, वरची आडवी पायरी पकडून फाशातून ओढावी, आणि शिडी चढावी तसे एकेक पायरी वर यावे. त्या दिवशी मला सगळे टाके उचलायला पंधरा मिनिटे लागली आणि एकही ओळ उसवावी लागली नाही. बांबूच्या सुया धातूच्या सुयांपेक्षा टाके अधिक धरून ठेवतात, घामेजल्या हातातूनही कमी निसटतात, म्हणून लेकुरवाळ्या घरात त्या घ्याव्यात.

गुंड्यासाठी माझ्याकडे जुनी स्टीलची चहाची किटली आहे. गुंडा आत, झाकण वर, आणि धागा नळीतून बाहेर. गुंडा घरभर पळत नाही, धुळीत लोळत नाही, आणि मुलाला तो दिसतच नसल्यामुळे त्याची ओढही लागत नाही.

दिवसातली जागा

मूल मांडीवर असताना, दूध पीत असताना आणि स्वयंपाकघरात विस्तवाजवळ सुया हातात घेऊ नयेत. याला अपवाद करू नये. बाळ वर्षाच्या आतले असेल, तर दुपारची त्याची झोप ही आधी आईच्या विश्रांतीची वेळ आहे. त्या वेळेवर विणकामाने हात मारला की संध्याकाळी चिडचिड होते आणि तिचा त्रास मुलांनाच होतो. बाळाला वारंवार उचलण्यामुळे पुष्कळ आयांना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागते; तिथला स्नायुबंध सुजलेला असतो. अशा हाताने विणत राहिले तर दुखणे वाढते. तेव्हा बाळाला अंगठे ताणून काखेतून उचलण्याऐवजी दोन्ही तळवे त्याच्या खाली घालून उचलावे, सुया काही आठवडे बाजूला ठेवाव्यात, आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. हात ठणठणीत असला तरी दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटे उघड-मिट करावीत.

बालवाडी सुटण्याची वाट पाहताना, जळगावहून अमळनेरला माहेरी जाताना गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, संध्याकाळी मुलगी गृहपाठ करीत असताना तिच्या शेजारी: बोलत्या कामाच्या जागा या आहेत. गृहपाठाची वेळ मला सर्वांत मोलाची वाटते. मी तिच्या वहीत डोकावत राहिले तर ती सारखी माझ्याकडे पाहून उत्तर चाचपडते; मी विणत बसले तर ती आपली आपण लिहिते आणि अडली की विचारते, आणि मला रोज सहा-आठ ओळी मिळतात. मात्र मूल काही सांगू लागले की सुया थांबवून त्याच्या तोंडाकडे पाहावे. आईचे लक्ष सुयांवर आहे असे एकदा वाटू लागले, की मूल त्या सुयांचाच राग धरते. विणता यावे म्हणून मुलाच्या हातात मोबाइल देणे मला अजिबात पसंत नाही. तेवढा वेळ न विणलेला बरा.

अबोल कामासाठी मात्र घरात सरळ वेळ मागून घ्यावा. आम्ही आठवड्यातून दोन रात्री ठरवल्या आहेत. त्या रात्री मुलांचे वडील त्यांना निजवतात, आणि मी पाऊण तास गळ्याचे किंवा टाचेचे काम करते. चोरून, ओट्यावरचे काम अर्धवट टाकून विणण्यापेक्षा हे कितीतरी बरे. सासूबाईंना आधी हे खूळ वाटे. एका संध्याकाळी त्या भरितासाठी वांगी निवडत होत्या आणि मी शेजारी विणत होते, तेव्हा मी त्यांच्या पायांचे माप घेऊन लोकरीचे मोजे विणायला घेतले. ते झाल्यापासून मुलगा पिशवीकडे वळला की त्याच आधी हाक मारतात.

मुलांचा हात लागू द्यावा

ज्या वस्तूला हात लावायचा नाही असे सांगितले जाते, तिच्याकडे मूल जातेच. म्हणून मुलांना त्यांच्या वयाचे काम द्यावे. दोन-अडीच वर्षांचे मूल गुंडे रंगांप्रमाणे टोपलीत लावते. चार वर्षांचे मूल दोन हात पुढे करून लडी धरते आणि आपण गुंडा गुंडाळतो. हे काम दहा मिनिटे चालते आणि तेवढ्यात त्याच्या शाळेतल्या सगळ्या बातम्या कळतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बोटांवरचे विणकाम जमते: चार बोटांमधून धागा आळीपाळीने पुढे-मागे फिरवायचा, वर दुसरा वेढा द्यायचा आणि खालचा फास बोटावरून उचलून मागे टाकायचा. माझ्या मुलीने या रीतीने विणलेली दोरी तिच्या बाहुलीचा मफलर झाली आहे. दोन सुया हातात द्यायला सात-आठ वर्षे होऊ द्यावीत. मुलग्यांनाही शिकवावे, त्यात वेगळे काही नाही.

जपायच्या गोष्टी

रात्री पिशवी खुंटीला लावण्याआधी सुया मोजाव्यात. शिवणाची बोथट सुई, क्रोशाची सुई आणि कात्री एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कपड्यावर बटण लावायचेच असेल तर ते दुहेरी दोऱ्याने लावून दर धुण्यानंतर ओढून पाहावे, आणि शक्य असेल तर खांद्यावर पदरावर पदर येऊन उघडणारा गळा ठेवावा. गळ्याशी नाड्या, गोंडे ओवलेल्या दोऱ्या नकोत. बाळाच्या हातमोज्या-पायमोज्यांची उलट बाजू दर वेळी बोट फिरवून तपासावी, कारण आत सुटलेला धागा बाळाच्या बोटाला वेढला जाऊन आवळतो, बोट सुजते, आणि बाळ का रडते आहे हे मोजा काढेपर्यंत कळत नाही. याच कारणाने बाळाच्या पायमोज्यात दोन रंगांचे नक्षीकाम करू नये. आतल्या बाजूला धाग्यांच्या लांब उड्या राहतात. बाळ घरात झोपल्यावर टोपडे काढून ठेवावे, कारण ते तोंडावर घसरू शकते आणि बाळाला जास्त उबाराही होतो.

खान्देशात एक गोष्ट विशेष सांगावी लागते. मार्गशीर्ष-पौषात शेतावर भरिताचे बेत होतात, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, मुले त्या जाळाभोवती बसतात. दुकानातून ‘लोकर’ म्हणून मिळते ती पुष्कळदा कृत्रिम अ‍ॅक्रिलिक असते. ती धुवायला सोपी आणि बाळाच्या कातडीला सहसा न टोचणारी असल्याने नेहमीच्या वापराला चांगली. पण ती पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहजासहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की धुमसून विझते. ओळखण्यासाठी मुले नसताना धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, अ‍ॅक्रिलिकचा कडक मणी उरतो. शेतावर जाताना मुलांच्या अंगात खऱ्या लोकरीचा स्वेटर घालावा, आणि कोणताही असला तरी मुलांना जाळापासून चार हात दूर बसवावे.

मागण्या आणि बाळंतविडा

आपल्या मुलाच्या अंगावरचा स्वेटर पाहिला की चुलत नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या मागण्या येतात. मोठ्या प्रेमाने येतात, म्हणून नकार देणे जड जाते. मी आता एका हिवाळ्याला घराबाहेरचा एकही मोठा नग घेत नाही, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला हेच सांगते. बाळंतविड्याची गोष्ट वेगळी. झबली, दुपटी यांच्यासोबत हाताने विणलेले टोपडे गेले नाही तर मला चुकल्यासारखे वाटते. टोपडे दोन-तीन संध्याकाळचे काम आहे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर, सहा महिन्यांच्या बाळाचा ४३ आणि वर्षाच्या बाळाचा ४६ सेंटिमीटरच्या आसपास असतो. टोपडे या मापापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी विणावे, म्हणजे ते ताणून नीट बसते. बाळ चैत्र-वैशाखात जन्मणार असेल, तर लोकरीचे टोपडे सहा महिन्यांच्या मापाचे करावे, कारण ते घालण्याची वेळ तेव्हाच येणार आहे.

उन्हाळा, धुणे आणि उसवणे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास मांडीवर लोकर सहन होत नाही. तेव्हा सुती धाग्याचे क्रोशाचे काम, दाराचे तोरण किंवा ताटावरचा रुमाल, तेही ऊन उतरल्यावर गच्चीवर करावे; आणि बिबडे-कुरडयांच्या वाळवणाच्या आठवड्यात काहीच हाती घेऊ नये. कपडे ठेवून देण्यापूर्वी ते रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून, न पिळता दाबून पाणी काढून, खाटेवर पंचा अंथरून सावलीत सपाट वाळवावेत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने साबण लवकर निघत नाही, म्हणून साबण वापरलाच तर दोनदा खळबळावे. कसर खऱ्या लोकरीलाच लागते. त्यासाठी वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि महिन्यातून एकदा कपडे उघडून ऊन द्यावे. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या घरात आणूच नयेत. मूल त्या गोळ्या खडीसाखर समजून तोंडात घालते, आणि जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला तर त्यांच्या वासात राहिलेल्या कपड्यांनीही गंभीर कावीळ होऊ शकते.

अंगाला न होणारा स्वेटर, कुणाला द्यायचा नसेल तर, उसवावा. आधी शिवण काळजीपूर्वक कापावी, मग शेवटी बंद केलेल्या टाक्यांच्या टोकापासून धागा सोडत तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळावा, लडी चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावी आणि ओली असतानाच खुंटीला लटकवावी. वाळेपर्यंत धाग्याचे बहुतेक कुरळेपण जाते. पाने-जाळीचा तो पहिला स्वेटर मी गेल्या आषाढात असाच उसवला. लडी धरायला मुलगीच बसली होती. ही लोकर कुणाची, असे तिने विचारले, आणि तुझीच, असे सांगितल्यावर सगळा गुंडा होईपर्यंत तिने हात खाली केले नाहीत. त्या निळ्या लोकरीत नवी तांबडी मिसळून भावासाठी पट्ट्यांचा स्वेटर सुरू झाला आहे. जुना धागा नव्यापेक्षा थोडा बारीक होतो, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरताना नमुन्याचा तुकडा नव्याने विणून टाके मोजावेत, आणि जुन्या पट्ट्या सैल दिसल्या तर त्यांच्यापुरती एक नंबर बारीक सुई घ्यावी.